चॉपर झालेली बॉनव्हिल: पुढचे शॉकअप मूळ मापाचे करावेत का?

मिडलंड्सकर: बर्मिंगहॅमजवळ राहतो. 1968 ची ट्रायम्फ बॉनव्हिल मोटारसायकल घेतली आहे. सत्तरच्या दशकात कुणीतरी तिची चॉपर केली, म्हणजे कापून-जोडून लांब पुढच्या टोकाची गाडी बनवली. शॉकअपच्या पाइपांच्या डोक्यात आट्यांचे जोडतुकडे बसवून ते सहा इंच लांबवले आणि पुढचा ब्रेक काढूनच टाकला. माझं मत: शॉकअप मूळ मापाचेच हवेत. त्याच साली या गाडीला आठ इंची, दोन लीडिंग शूंचा (दोन्ही पट्ट्या चाकाच्या फिरण्यानेच आणखी घट्ट दाबल्या जातात असा) ड्रम ब्रेक मिळाला होता. तो परत लावायचा तर शॉकअपचे खालचे पायही (पाइप ज्यात सरकतात ते भाग) मूळचे लागणार.

जुनी_खूण: मला हे अजिबात पटत नाही. ट्रायम्फच्या मेरिडेन कारखान्यातून निघालेली गाडी तिथल्या पोरांनी गॅरेजमध्ये कापली, हाही तिचाच इतिहास. पन्नास वर्षं ती अशीच आहे. कारखान्यासारख्या चकचकीत बॉनव्हिल प्रत्येक मेळाव्यात दिसतात, त्या काळची खरी चॉपर क्वचितच.

लेथवाला: इतिहासाबद्दल आदर आहे, पण जोड कुठे आलाय ते बघा. शॉकअपला वाकवणारा ताण सर्वांत जास्त खालच्या क्लॅम्पपाशी, म्हणजे पाइप धरून ठेवणाऱ्या खालच्या पकडीपाशी येतो. सहा इंची तुकडा असेल तर आट्यांचा जोड नेमका त्याच्या आसपास असणार. अशी गाडी मी रस्त्यावर काढणार नाही.

मिडलंड्सकर, पाइप काढून जाड सपाट काचेवर लोळवा. वाकलेला असेल तर खालून उजेडाची फट उघडमीट करताना दिसते. मग ऑइल सील चालतं त्या पट्ट्यावर नख फिरवा. नख अडकलं तर क्रोम खाल्लंय. नवं सील लगेच फाटेल. तिथे घासकाम करत बसू नका, नवे पाइप मिळतात. पण त्याआधी चेसी! 1966 पासून या बॉनव्हिलच्या चेसीत हँडल जिथे फिरतं त्या नळीचा कोन जमिनीशी 62 अंश होता. चॉपर करताना नळी कापून मागे कलवली असेल, तर मूळ मापाचे शॉकअप लावून पुढचा भाग खाली बसेल आणि हळू चालवताना हँडल जड पडेल.

जुनी_खूण: जोडाचं मान्य. मग अखंड लांब पाइप घाला! आकार राहील, धोका जाईल.

मिडलंड्सकर: लांब पाइपांनी पुढचा भाग उचललेलाच राहील, वळणावर चाक रेंगाळेल. मला ही गाडी वेल्सच्या घाटात न्यायची आहे. कोन आधी मोजतो. 62 भरला तर मूळ मापच. काढलेले पाइप जोडासकट जपून ठेवेन.

जुनी_खूण: आणि नळी कापलेली निघाली तर?

लेथवाला: तर शॉकअपला हात लावू नका. चेसी आधी जिगवर, म्हणजे तिची मापं तपासून सरळ करायच्या साच्यावर चढवा.