‘उपबटू’ म्हणजे बटूहून बुटका?

प्रश्न: एका लेखाचं भाषांतर करतोय. त्यात ‘पल्सेटिंग हॉट सबड्वार्फ’ असा तारा आलाय. मी ‘स्पंदमान उष्ण उपबटू’ लिहिलं. बायकोने वाचून विचारलं, बटूहून बुटका म्हणजे केवढा? मला काही सांगता येईना. दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद: वहिनींची शंका रास्त आहे. श्वेत बटू (जळण संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) साधारण पृथ्वीएवढा. हा उपबटू त्याच्या पंधरा-वीस पट रुंद, म्हणजे सूर्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. ‘उप’ आहे तो तेजात. तापमान आणि तेज यांच्या आलेखावर बहुतेक तारे एका तिरक्या पट्ट्यात बसतात (सूर्यही त्यातच, म्हणून खगोलवाल्यांच्या लेखी तोही बटूच!). तितक्याच तापमानाच्या पट्ट्यातल्या ताऱ्यापेक्षा हा बराच मंद, म्हणून पट्ट्याखाली. खगोलज्ञ कायपर यांनी १९३९ मध्ये हे नाव काढलं ते थंड, धातू (म्हणजे हेलियमहून जड मूलद्रव्यं) कमी असलेल्या ताऱ्यांसाठी. या निळ्या, २० ते ४० हजार अंशांच्या मंडळींना ते नंतर चिकटलं.

प्रतिसाद: ‘उपबटू’ म्हटलं की मला मुंजीत अष्टवर्गाला बसलेली पोरं दिसतात. सरळ ‘खुजा’ म्हणा ना.

प्रतिसाद: ‘उपखुजा’ मोठ्याने म्हणून बघा, मग बोलू! उपसागर, उपनगर, उपाध्यक्ष यांत ‘उप’ म्हणजे लगतचा नाहीतर खालोखालचा. इथे तेजाने खालोखाल. उपबटूच ठेवा.

मला खटकतो तो ‘स्पंद’. पल्सार नावाच्या ताऱ्यालाही आपण स्पंदक म्हणतो, पण तो फुगत-आकसत नाही. गरगर फिरतो आणि त्याचा झोत दीपगृहासारखा आपल्यावरून जातो. उपबटू खरोखर थरथरतो. या जातीतला पहिला थरथरणारा तारा वासुकी तारकासमूहातला, व्ही ३६१ हायड्री. दक्षिण आफ्रिकेतल्या खगोलज्ञांनी १९९७ मध्ये जाहीर केला. त्याचं मुख्य आवर्तन १४४ सेकंदांचं, आणि तेजातला फरक जेमतेम एक टक्का. डोळ्यांना तो दिसतच नाही, मग लुकलुकणं कसलं दिसणार!

प्रश्नकर्ता: थरथरतो कशामुळे?

प्रतिसाद: हा मुळात तांबडा राक्षसी (म्हणजे म्हातारपणी फुगलेला) तारा. वरचं हायड्रोजनचं जाड आवरण गमावलेला, बहुधा जोडीदाराने ओरबाडलेलं. उरला हेलियम जाळणारा, सूर्याच्या निम्म्या वस्तुमानाचा गाभा आणि त्यावर हायड्रोजनचा पातळ पापुद्रा. आतला प्रकाश लोहाचे अणू वर ढकलतो, ते एका थरात साठतात. आकसताना तो थर उष्णता अडवतो, फुगताना सोडतो. भाताच्या पातेल्यावरचं झाकण कसं वाफ कोंडली की उचलतं, वाफ गेली की बसतं, तसं. म्हणून ‘स्पंदमान’ चालेल, फक्त ‘स्पंदक’ लिहू नका. लेखात पाऊण तासापासून दोन तासांची आवर्तनं दिली असतील तर तो सावकाश डोलणारा प्रकार. तिथे ‘थरथर’ शोभायची नाही.

प्रश्नकर्ता: नाही, ‘सहा मिनिटांच्या आत’ असं आहे. ‘स्पंदमान उष्ण उपबटू’च ठेवतो, खाली टीप: ‘उप = तेजाने खालोखाल’. बायकोला दाखवलं. म्हणाली, सूर्य बटू कधीपासून?