नव्या सेन्सरने नॉइज कमी झाला, पण मला हवा तिथे नाही! मदत हवी आहे

मंडळी, डोकं चक्रावलंय, जरा मदत करा. माझा कॅमेरा 2011 चा, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेम, म्हणजे 35 एमएम फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा लहान), 18 मेगापिक्सेल. स्टेजवरचे नाचाचे फोटो काढतो, किट लेन्स पूर्ण झूम केली की एफ 5.6 च्या पुढे उघडत नाही, शटर 1/250 ठेवलं की आयएसओ (सिग्नल किती वाढवायचा तो आकडा) थेट 6400 आणि चेहऱ्यावर वाळू भुरभुरल्यासारखा नॉइज. बॉडी बदलावी म्हणून मित्राचा नवा 24 मेगापिक्सेलवाला आणला, तोही क्रॉपच, तीच सेटिंग्ज, दोन्हीकडे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), नॉइज रिडक्शन बंद, फोटो एकाच साइजला आणून शेजारी शेजारी लावले. फरक आहे, नाही असं नाही, पण जेमतेम अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). मग सहज म्हणून 100 आयएसओवर मुद्दाम चार स्टॉप अंडर, म्हणजे काळपट काढून सॉफ्टवेअरमध्ये उजळवलं, तर माझ्याकडे काळ्या पडद्यावर उभ्या पट्ट्याच पट्ट्या, आणि नव्यात पडद्याच्या चुण्यासुद्धा स्वच्छ. हे उलटं कसं काय?

उत्तर : उलटं नाही, बरोबर आहे. तुमच्या जुन्या बॉडीत सिग्नल सेन्सरच्या बाहेर जाऊन डिजिटल होत असणार, वाटेत इलेक्ट्रॉनिक्सचा कचरा मिसळतो. नव्यात सिग्नल डिजिटल करणारा कन्व्हर्टर सेन्सरवरच, पिक्सेलच्या प्रत्येक कॉलमला. आयएसओ 6400 ला सिग्नल आधीच वाढवलेला असतो, त्यात तो कचरा दबून जातो, 100 ला मात्र उघडा पडतो. आणि चेहऱ्यावरचा नॉइज बराचसा उजेडाचाच हो! पिक्सेलवर सरासरी 100 फोटॉन पडले तर साधारण 10 इकडेतिकडे होणारच, 10000 पडले तर 100, म्हणजे 1 टक्का. आत्ताचे सेन्सर आलेल्या प्रकाशातला निम्म्याच्या आसपास पकडतात, सगळाच्या सगळा पकडला तरी फायदा फार तर एखादा स्टॉप. प्रकाशच जास्त घ्या. एफ 1.8 ची लेन्स 5.6 पेक्षा जवळपास दहापट उजेड घेते, 6400 चं काम 640 वर होईल. फुल फ्रेमचं क्षेत्रफळ क्रॉपच्या सव्वादोन-अडीचपट, म्हणजे तिथेही सव्वा स्टॉपच.

धागाकर्ता : अरे देवा, मी उगाच बॉडीच्या मागे लागलो होतो. पण 1.8 वर फोकसची खोली अगदी कमी, मग नाचणाऱ्या माणसाचा डोळा फोकसमध्ये राहील का? माझ्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस अंधारात नुसता पुढेमागे घरघरतो, मित्राचा डोळ्याला चिकटून राहतो. बॉडी खरी त्यासाठी लागते का मग? जुन्या बॉडीवर 85 एमएम 1.8 लावून स्टेज शूट करणारं कोणी असेल तर प्लीज सांगा, दहातले किती शार्प येतात?