मदत हवी आहे: पॅरिशच्या हद्दीबद्दल हरकत कशी लिहू?

नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्या कुणी पॅरिश काउन्सिलवर काम केलंय का? (आपली ग्रामपंचायतच समजा, फक्त सरपंचाची गाडी नाही 😀) आमच्याकडे डिस्ट्रिक्ट काउन्सिलने कम्युनिटी गव्हर्नन्स रिव्ह्यू (म्हणजे पॅरिशच्या हद्दी नि रचनेची फेरतपासणी) काढलाय, त्यात नवीन कॉलनी आमच्यातून काढून शेजारच्या टाउनला जोडायची म्हणे. नकाशावर रेघ सरळ बायपासवरून मारलीय, पण तिथली पोरं आमच्याच शाळेत येतात, नि आमच्या हॉलमध्ये गणपती बसतो तो निम्मा त्यांच्याच जिवावर!

मी नवखी मेंबर आणि हरकतीचा मसुदा माझ्याच गळ्यात पडलाय. आमच्या काउन्सिलच्या क्लार्कबाई म्हणतात प्रीसेप्ट (काउन्सिल टॅक्समधून पॅरिशला मिळणारा पैसा) बुडेल ते आधी लिहा, मला वाटतं तसं केलं तर पैशासाठी रडतोय असं दिसेल, कारण अशा रिव्ह्यूसाठीच्या २००७ च्या कायद्यात बघतात ते तिथल्या लोकांची ओळख नि हितसंबंध, आणि कारभार परिणामकारक व सोयीचा होतो का ते.

मग पैशाचं शेवटी टाकू की गाळूनच टाकू? आणि कॉलनीवाल्यांनी वेगवेगळी पत्रं पाठवलेली बरी की सगळ्यांच्या सह्यांचं एकच? कुणाकडे जुना मसुदा असेल तर प्लीज द्या, शुक्रवारी मीटिंग आहे.