मदत हवी आहे: झाडाच्या इंग्रजी नावाचा अर्थ आणि उगम (तातडीचं)

कोथरूडकर:
सोसायटीतल्या झाडांना पाट्या लावतोय. बाकी सगळ्या तयार, एकाच झाडाचं इंग्रजी नाव कुठून आलं ते अडलंय. रेडियमवाल्याला संध्याकाळी मजकूर द्यायचाय. दोन ओळी बास.

चिंचेचंपान:
कुठलं झाड ते सांगाल की आम्ही ओळखायचं?

सागरगोटा:
सागवान असेल तर सोपं. मल्याळमात तेक्क, पोर्तुगीजांनी टेका केलं, इंग्रजांनी टीक.

कोथरूडकर:
सागवान कुणी विचारलं? पारंब्यांचं झाड हो. बॅनियन!

सदाशिवपेठी_नाना:
बनातलं ते बॅनियन. यात विचारायचं काय?

मुळाक्षर:
नाना, बनाचा काडीचा संबंध नाही. गुजराती 'वाणियो', म्हणजे आपला वाणी. पोर्तुगीजांकडून इंग्रजीत आला तेव्हा बॅनियन म्हणजे हिंदू व्यापारी. इराणच्या किनाऱ्यावर गोम्ब्रून, आजचं बंदर अब्बास, तिथे एका वडाखाली या व्यापाऱ्यांचं देऊळ होतं. सतराव्या शतकात युरोपीय प्रवासी त्याला 'बॅनियन ट्री' म्हणायला लागले आणि पुढे जगातल्या सगळ्या वडांना तेच नाव चिकटलं.

सदाशिवपेठी_नाना:
इराणात वड? काहीही हं.

मुळाक्षर:
कीश बेटावर आजही आहेत.

सागरगोटा:
आणि अंगातला बनियन?

मुळाक्षर:
तोही त्याच वाण्यांवरून. आधी ऐसपैस झगा होता, आपल्याकडे येऊन गंजीफ्रॉक झाला.

हिरवळ:
पाटी खिळ्याने ठोकू नका! सुतळीने बांधा, तीही सैल. दरवर्षी सोडून पुन्हा बांधा, नाहीतर सालीत रुतते.

सदाशिवपेठी_नाना:
हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधला वड बघा. बुरशी लागली म्हणून मुख्य खोड 1925 साली काढलं, तरी पारंब्यांवर उभा आहे. इथे वटपौर्णिमेला फांद्या तोडून विकतात.

चिंचेचंपान:
नाना, ते वेगळ्या धाग्यावर. कोथरूडकर, पान केवढं आहे?

कोथरूडकर:
छोटं, चकचकीत. तळहातावर तीन-चार मावतील. त्याचं काय?

चिंचेचंपान:
मग तो वड नाही, नांदरूक असणार. पारंब्या त्यालाही असतात, पण बारीक, दाढीसारख्या. वडाचं पान तळहाताएवढं असतं आणि जाड. फळं लाल आहेत का? फोटो टाका.

कोथरूडकर:
फोटो कशाला? चेअरमन वड म्हणालेत, वडच लिहिणार. मुळाक्षर, तुमचाच मजकूर पाठवतोय.

चिंचेचंपान:
अहो, नांदरूकावर वडाची पाटी?

सागरगोटा:
रेडियमवाला कुठला तुमचा? एका पाटीचे किती घेतो?