घाई होती, पण आंधळी नव्हती
रामोन्स या अमेरिकन पंक रॉक बँडबद्दल 'त्यांचा पहिला अल्बम नुसता उरकलाय, रेकॉर्डिंगला डोकं लावलेलंच नाही' असं म्हटलं जातं, त्यातलं अर्धंच पटलं. घाई होतीच. १९७६ च्या फेब्रुवारीत जेमतेम आठवडाभर स्टुडिओ, खर्च साधारण ६,४०० डॉलर आणि एप्रिलमध्ये रेकॉर्ड बाजारात. १४ गाणी, सगळी मिळून अर्धा ताससुद्धा भरत नाही. पण हेडफोन लावून ऐका: बास (खालच्या, जाड सुरांची गिटार) डाव्या कानात, गिटार उजव्या, ड्रम आणि आवाज मधोमध. हे आपोआप होत नाही, कोणीतरी ठरवून केलंय.

आमच्या बँडला त्याचा भलताच फायदा झाला. अंबडला मित्राच्या वडिलांच्या शेडमध्ये रविवारी मशिनं बंद असायची, तेव्हा आमची प्रॅक्टिस. शिकवणारं कोणी नाही. मग इअरफोनची एकच जोडी, डावा माझ्या कानात, उजवा गिटारवाल्याच्या. मला निव्वळ बास, त्याला निव्वळ गिटार. (भांडणाचा प्रश्नच मिटला.) गिटारचा प्रत्येक फटका वरून खालीच मारायचाय हे त्याला तिथेच उमगलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत मनगट भरून आलं बिचाऱ्याचं, तरी म्हणे पुन्हा लाव.