मिरेल्ला फ्रेनी: दोन तासांच्या श्रवणसभेत काय ऐकवावं, कोणत्या क्रमानं?

फोंडेकर

नमस्कार मंडळी. चवथीनंतर फोंड्याला आमची दोन तासांची श्रवणसभा आहे. येणारे बहुतेक नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकणारे, काही जण चर्चच्या क्वायरमध्ये गाणारे, म्हणजे नोटेशन वाचता येणारे. एकाच इटालियन सोप्रानोची (सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या स्त्रीची) कारकीर्द पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवायची असं ठरलंय. मारिया कालास नको. तिचा विषय निघाला की गाणं बाजूला राहतं आणि तिचा अब्जाधीश प्रियकर ओनासिस सुरू होतो. माझ्या मनात मिरेल्ला फ्रेनी आहे.

विचारायचं ते असं. पन्नास वर्षं गायली म्हणतात, ते खरं का, आणि आवाज टिकला कसा? तिनं पुच्चिनी या संगीतकाराचं ‘मादामा बटरफ्लाय’ कधी गायलंच नाही असंही एकानं ठासून सांगितलं, पण रेकॉर्ड तर बाजारात आहे. आणि ऑपेरा न ऐकलेल्यांना कुठून सुरुवात करून द्यावी? पडदा, प्रोजेक्टर आहे. स्पीकर भजनाच्या कार्यक्रमाचेच.

तारसप्तक

पन्नास वर्षं हे खरं. 3 मार्च 1955 ला मोदेनाच्या थिएटरात ‘कार्मेन’मधली मिकाएला म्हणून ती पहिल्यांदा उभी राहिली, वय 20. शेवटचा ऑपेरा एप्रिल 2005 मध्ये वॉशिंग्टनला, चायकोव्स्कीची ‘ऑर्लेआन्सची कुमारी’, वय 70. जन्म 27 फेब्रुवारी 1935, मृत्यू 9 फेब्रुवारी 2020, दोन्ही मोदेनातच. ल्युचानो पावारोत्तीही त्याच गावचा, त्याच वर्षाचा. दोघांच्या आया तंबाखूच्या कारखान्यात कामाला आणि दोघांना दूध पाजणारी दाई एकच. हा किस्सा सभेत सांगाच, पण एका वाक्यात. नाहीतर पुढचा अर्धा तास पावारोत्तीवर जातो.

आवाज टिकण्याचं मूळ लहानपणात आहे. शाळकरी वयात ती रेडिओच्या स्पर्धेत बटरफ्लायचं ‘उन बेल दी’ गायली. तिथं असलेल्या बेनियामिनो जिल्ली या थोर टेनरनं (उंच पट्टीच्या पुरुष गायकानं) सांगितलं, आत्ता गाणं थांबव, मोठी झालीस की सुरू कर. तिनं ते ऐकलं आणि सतराव्या वर्षापर्यंत थांबली. पदार्पणानंतरही लगेच धावली नाही. लग्न झालं, मुलगी झाली (नाव मिकाएला), आणि 1958 मध्ये तुरीनला ‘ला बोएम’मधली मिमी करून ती परतली.

पुढचा क्रम नीट पाहा, कारण तुमच्या कार्यक्रमाचा कणा तोच होऊ शकतो. 1960 पासून इंग्लंडमधल्या ग्लाइंडबर्न महोत्सवात मोत्सार्टच्या भूमिका: झेर्लिना, मग सुझान्ना. वाद्यवृंद लहान, आवाजावर भार कमी. 1963 मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात कंडक्टर (वाद्यवृंद चालवणारा) कारायानच्या हाताखाली मिमी, आणि तिथून नाव जगभर. 29 सप्टेंबर 1965 ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पदार्पण, तेही मिमीच. मधे 1964 अखेरीस ला स्कालात ‘ला त्राव्हियाता’ केलं आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. हे वगळू नका. आपल्याकडे ‘वन्समोर’ देणारा प्रेक्षक ठाऊक आहे, मिलानच्या माळ्यावरचा त्याच्या नेमका उलट.

जड भूमिका सगळ्या नंतरच्या: 1970 ला साल्झबुर्गमध्ये ‘ओतेल्लो’ची देस्देमोना, 1975 ला ‘दॉन कार्लो’ची एलिझाबेत्ता, 1979 ला ‘आईदा’. म्हणजे मिकाएलापासून आईदापर्यंत 24 वर्षं. आईदाचेही प्रयोग तिनं मोजकेच केले. कारायाननं ‘तुरान्दोत’ पुढे केलं तेव्हा सरळ नकार दिला. कारायानला नाही म्हणणं त्या काळी किती अवघड होतं हे ऐकणाऱ्यांना सांगावं लागेल.

बटरफ्लायचं: तुम्हाला सांगणारा अर्धा बरोबर आहे. रंगमंचावर पूर्ण बटरफ्लाय तिनं कधीच केलं नाही. स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केलं, 1974 ला कारायानबरोबर आणि 1987 ला कंडक्टर सिनोपोलीबरोबर. शिवाय दिग्दर्शक पोनेलनं केलेली फिल्म आहे, तीही 1974 ची. त्यातला ध्वनी आधी मुद्रित केलेला आहे, कलाकार नंतर त्यावर अभिनय करतात. कारायानच्या रेकॉर्डवर नायक पिंकर्टन म्हणजे पावारोत्ती, फिल्ममध्ये टेनर दोमिंगो. दोन्ही मिसळू नका. मध्यंतरात कोणीतरी नक्की विचारेल.

मंचावर का नाही? ही नायिका पहिल्या अंकात आली की जवळजवळ शेवटपर्यंत समोर असते आणि पुच्चिनीचा वाद्यवृंद मोठा. गळ्याला धोका वरच्या सुरांचा आहे असं ऐकणाऱ्यांना वाटतं. खरा धोका मधल्या पट्टीत. तिथं सोप्रानोचा आवाज वाद्यांखाली दबतो, म्हणून गाणारी जोर लावते, छातीचा भार वर ओढते. काही वर्षं असं केलं की वरचे सूर आखडतात आणि लांब सुरातला कंप (व्हायब्रॅटो) मंदावतो. निरोगी कंप सेकंदाला साधारण साडेपाच ते सात वेळा असतो. पाचाच्या खाली आला की सूर डुलायला लागतो आणि ते कानाला लगेच कळतं. स्टुडिओत थांबता येतं, पुन्हा घेता येतं, माइक जवळ असतो. म्हणून तिथं चाललं.

जुनी तबकडी

फ्रेनीला विरोध नाही, पण रेनाता तेबाल्दीचा विचार केला का? जन्म 1922, पेझारो. 1944 ला रोव्हिगोत पदार्पण, 1946 ला युद्धानंतर ला स्काला पुन्हा उघडलं त्या मैफलीत कंडक्टर तोस्कानिनीच्या निवडीतून गायली, 1955 ते 1973 मेट्रोपॉलिटनमध्ये. निव्वळ आवाजाच्या श्रीमंतीत फ्रेनी तिच्या पासंगाला पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत.

अर्थात ‘टिकाव’ हाच विषय असेल तर तेबाल्दी उलट्या बाजूचं उदाहरण म्हणून वापरा. 1959 ची तिची ‘ला बोएम’ (कंडक्टर सेराफिन, टेनर बेर्गोन्झी) पाच मिनिटं लावा, मग 1967 ची ‘ला जोकोंदा’. मधे 1963 च्या सुमारास तिचा आवाज अडला होता आणि तिनं काही काळ गाणं थांबवून पुन्हा मेहनत केली होती. जोकोंदात खालचा सूर दाट आणि भव्य झालाय, वरचा कडक. दहा मिनिटांत जे कानाला कळेल ते माझ्या भाषणानं कळणार नाही.

तारसप्तक

तेबाल्दीबद्दल मान्य, पण दहाच मिनिटं द्या. फ्रेनीची सोय अशी की वयाच्या अठ्ठाविशीपासून अठ्ठावन्नपर्यंतचं चांगलं मुद्रण मिळतं आणि बरंचसं दृश्यासकट. मी असा क्रम लावीन.

सुरुवात 1963 च्या कारायानच्या ‘कार्मेन’मधल्या मिकाएलाच्या गाण्यानं, साडेपाच-सहा मिनिटं. भाषा फ्रेंच. मग मिमी: 1972 चं कारायान-पावारोत्ती मुद्रण, पहिल्या अंकाचा शेवट सलग, मिमीचा प्रियकर रोदोल्फो याच्या गाण्यापासून अंक संपेपर्यंत सुमारे 15 मिनिटं. तोडू नका. त्याचं गाणं, तिचं गाणं आणि दोघांचं एकत्र अशी ती एक चढण आहे. ख्यालवाल्यांना सांगायला सोपं: मिमीच्या गाण्याचा षड्ज पांढरी दोनचा, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीचा. वसंतातल्या पहिल्या उन्हाचे शब्द येतात तिथं ती तार सप्तकाच्या पंचमाला जाते आणि तो सूर फेकत नाही, उघडते.

त्यानंतर ‘उन बेल दी’, पाच मिनिटांच्या आत. षड्ज काळी तीन, पण सुरुवातच थेट तार षड्जावर आणि तीही हळू आवाजात. आपल्याकडची बाई काळी चारमध्ये गाते तेव्हा तिचा जो तार षड्ज, त्याच्या वरच्या सप्तकाला एकच स्वर कमी, इतक्या उंचीवर फ्रेनी कुजबुजल्यासारखी येते. हे पेटीवर आधी वाजवून दाखवा. कान तयार झाले की मगच रेकॉर्ड लावा.

मध्यंतरानंतर देस्देमोनाचा शेवटचा प्रवेश, विलो झाडाचं गाणं आणि प्रार्थना मिळून साधारण 17 मिनिटं. इथं क्वायरवाले जागे होतील. मग एलिझाबेत्ता, 1983 चं मेट्रोपॉलिटनचं चित्रमुद्रण आहे. वेळ राहिला तर चायकोव्स्कीच्या ‘अनेगिन’मधलं तात्यानाचं पत्र, 1987 चं कंडक्टर लिव्हाइनबरोबरचं मुद्रण, बारा-तेरा मिनिटं, रशियन. उतारवयात तिनं रशियन भूमिका का घेतल्या तेही बोला: मधल्या पट्टीत लांब ओळी, अभिनयाला वाव, तार सुरांची सततची मागणी नाही. शिवाय दुसरा नवरा निकोलाय ग्याउरोव बल्गेरियन, रशियन ऑपेरातला पट्टीचा बास (खर्जातला गायक).

समाप्ती 1993 च्या ला स्कालातल्या ‘फेदोरा’नं, दोमिंगोबरोबर. तिथं कंप थोडा रुंदावलेला ऐकू येतो, तो लपवू नका.

ध्वनीवाला मडगाव

गाण्यातलं वरचे दोघे जाणतात. मी फक्त भजनाच्या स्पीकरचं बोलतो, कारण कार्यक्रम तिथंच पडतो.

पहिलं काम: मिक्सरवरचा एको आणि रिव्हर्ब पूर्ण शून्यावर. भजनानंतर तो कोणी बंद करत नाही. या मुद्रणांत सभागृहाचा घुमारा आधीच आहे, 1972 ची ‘बोएम’ तर बर्लिनच्या चर्चमध्ये मुद्रित झालीय. त्यावर एको चढला की शब्द जातात. बास आणि ट्रेबल मधोमध. माइकची चॅनलं म्यूट, निवेदकाचं एक सोडून.

आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या जागेवरून ठरवा, सर्वांत हळू जागेवरून कधीच नाही. ‘बोएम’च्या अगदी शेवटी वाद्यवृंदाचा स्फोट आहे, तो लावून स्पीकर फाटत नाही इतकं ठेवा. मग मिमीचे हळू सूर ऐकू येत नसतील तर दोष पंख्यांचा. त्या पाच मिनिटांपुरते पंखे बंद करा, लोक सहन करतात. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीच्या जरा वर. छताला टांगलेले असतील तर भाड्यानं दोन स्टँड आणा.

लॅपटॉप वायरनं जोडा. ब्लूटूथला उशीर होतो आणि ओठ-आवाज जुळत नाहीत. पोनेलची फिल्म आणि 1965 ची झेफिरेल्लीची ‘बोएम’ची फिल्म दोन्ही प्लेबॅकवर आहेत, त्यामुळे ओठ कुठेकुठे मुळातच सरकलेले दिसतील. यंत्र तपासायचं तर 1983 चं ‘दॉन कार्लो’ लावून बघा, तो प्रत्यक्ष प्रयोग आहे.

यूट्यूबवरचं घेणार असाल तर पट्टी तपासा. मिमीच्या गाण्याला पेटीची पांढरी दोन धरा. कारायानचा वाद्यवृंद किंचित चढा लागतो, तेवढा फरक सोडून द्या. अर्धा स्वर सरकलेला असेल तर ते अपलोडच टाकून द्या. फाइली आधी उतरवून घ्या, आणि इन्व्हर्टरवर मिक्सर, ॲम्प्लिफायर, प्रोजेक्टर असं सगळं चालतंय का ते आदल्या दिवशी वीज बंद करून पाहा. त्या दिवसांत फोंड्याला पाऊस आला की वीज जातेच.

फोंडेकर

देव बरें करूं सगळ्यांचं. तेबाल्दीची दहा मिनिटं मध्यंतराच्या अगदी आधी घालतो. एकच राहिलं: शब्दांचा अर्थ कसा द्यावा? मराठी उपशीर्षकं कुठे मिळत नाहीत.

तारसप्तक

पडद्यावर ओळीओळीला अर्थ नको, लोक वाचत बसतात. प्रत्येक तुकड्याआधी प्रसंग तीन-चार वाक्यांत सांगा आणि गाण्यातल्या दोनच जागांचा अर्थ द्या. मिमीची मेणबत्ती विझलीय, किल्ली हरवलीय, ती वरच्या खोलीत एकटी राहून कापडावर फुलं भरते, एवढं पुरे. देस्देमोनाला मात्र पूर्ण ओतेल्लोची गोष्ट लागेल. ती मध्यंतराच्या चहाबरोबर छापील अर्ध्या पानावर द्या.

जुनी तबकडी

आणि निवेदकाला ताकीद द्या, सूर चालू असताना बोलायचं नाही.