मदत हवी आहे: चीनवर बोलायचंय, कुठून सुरू करू?

मंडळी, वाचनालयात चीनवर दहा मिनिटं बोलायचंय, शाळेची पोरं आणि रिटायर्ड लोकं दोन्ही असणारेत. भिंत, लोकसंख्या नकोच. डॉ. कोटणीस मनापासून घ्यावेसे वाटतात, आपल्या सोलापूरचा माणूस १९३८ला तिकडं गेला, १९४२ला तिथंच वारला, पण इथल्या लोकांना त्यात नवीन काय सांगू? दुसरं सुचलंय ते घड्याळ, अख्ख्या चीनला एकच वेळ, बीजिंगची, त्यामुळं पार पश्चिमेला काशगरमध्ये ऐन हिवाळ्यात दहा वाजून गेल्यावर कुठं सूर्य उगवतो, आणि काशगर जवळपास आपल्याच रेखांशावर आहे बरं का! मला हे जाम भारी वाटतंय. घड्याळ घेऊ का कोटणीस, का दोन्ही जोडता येतील? तिकडं कुणी राहून आलं असेल तर प्लीज सांगा.